व्हॉल्यूमचा नॉब आठ वाजल्याच्या पुढे जातच नाही? घरच्या हाय-फायसाठी ॲटेन्युएटर कसा निवडायचा

चवथीला मामांकडे गोव्यात डिचोलीला गेलेलो. दुपारची जेवणं झाली, नेवऱ्या खाऊन सगळे आडवे झाले आणि मामांना हळू आवाजात केसरबाई केरकर ऐकायच्या होत्या. त्यांनी नवीन डॅक (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणारा डबा) घेतलाय, जुन्या ६० वॅटच्या इंटिग्रेटेड ॲम्पला (व्हॉल्यूमचा प्री भाग आणि बॉक्स चालवणारा पॉवर भाग एकाच डब्यात) लावलाय. नॉब जरासा फिरवला तर फक्त उजव्या बॉक्समधून (म्हणजे स्पीकरमधून) आवाज, अजून केसभर फिरवला तर दोन्हीकडून एकदम एवढा मोठा की आतून मामी म्हणाली, "अहो, मुलं झोपलीत ना!" मामा मला म्हणाले, "अरे, डावा बॉक्स गेला वाटतं, मडगावला नेऊन दाखवूया." मी ॲम्पच्या मागे बॉक्सच्या वायरी डावी-उजवी बदलून बघितल्या तर आता उजवा बॉक्स मुका. म्हणजे बॉक्स दोन्ही ठणठणीत, गडबड ॲम्पच्या नॉबमध्ये, आणि खरं म्हणजे नॉबही खराब नव्हता, त्याला फक्त त्याच्या सगळ्यात वाईट जागेवर वापरत होते.

हा प्रॉब्लेम खूप घरांत आहे आणि लोक उगाच ॲम्प विकतात, म्हणून सगळं नीट लिहितोय.

आधी कारण समजून घ्या, मग निवडणं सोपं जातं. जुने इंटिग्रेटेड ॲम्प बनवले तेव्हा ट्यूनर आणि कॅसेट डेक हे मुख्य सोर्स होते, त्यांचं आउटपुट काहीशे मिलिव्होल्ट. म्हणून ॲम्पच्या लाइन इनपुटची सेन्सिटिव्हिटी १५० मिलिव्होल्टच्या आसपास ठेवायचे, म्हणजे नॉब पूर्ण उघडला तर १५० मिलिव्होल्टमध्येच ॲम्प फुल पॉवर देतो. १९८२ ला सीडी प्लेयर आले आणि त्यांचं फुल आउटपुट २ व्होल्टचं झालं, आजचे डॅकही आरसीएवर (नेहमीचा मधे एक पिन असलेला गोल प्लग) २ किंवा त्याच्या थोडे वर आणि एक्सएलआरवर (तीन पिनांचा मोठा प्लग) साधारण ४ व्होल्ट देतात. १५० मिलिव्होल्ट आणि २ व्होल्ट यात २२ डीबीपेक्षा (डेसिबल, लेव्हलमधला फरक मोजायचं माप) जास्त फरक आहे. म्हणजे नॉबचा वरचा अर्ध्याहून जास्त प्रवास तुमच्या काही कामाचाच नाही, सगळं ऐकणं सात ते साडेआठ वाजण्याच्या मध्ये (नॉबची खूण घड्याळाच्या तासकाट्यासारखी धरा) कोंबलेलं.

आणि नेमकं तिथेच व्हॉल्यूम पॉट (नॉबच्या मागचा बदलता रेझिस्टर) सगळ्यात कच्चा असतो. एकाच दांड्यावर दोन कार्बन ट्रॅक असतात, एक डावा एक उजवा, आणि ते दोन्ही तंतोतंत सारखे बनवणं कठीण असतं, खालच्या टोकाला तर फारच. मधल्या भागात फरक जाणवत नाही, पण अगदी सुरुवातीला दोन-तीन डीबीचा फरक सहज निघतो, कधी एक बाजू गायबच होते. तानपुरा मधे ऐकू यायला हवा तो एका कोपऱ्यात जाऊन बसतो.

ॲटेन्युएटर म्हणजे डॅक आणि ॲम्पच्या मधे (किंवा प्री आणि पॉवर ॲम्पच्या मधे) लावायचा एक छोटा तुकडा, आत दर चॅनलला दोन रेझिस्टर, बस. सिग्नल ठरावीक डीबीने कमी करतो आणि नॉब तुम्हाला दहा-अकरा वाजेपर्यंत नेता येतो. त्याला करंट लागत नाही, सेटिंग नाही. पण चुकीचा घेतला तर बेस जातो किंवा आवाजच पुरत नाही, म्हणून खालचं सगळं क्रमाने करा.

फुकटचे उपाय आधी बघा

विकत काही घ्यायच्या आधी तुमच्याकडच्या डब्यांचे मेनू आणि मागची बाजू टॉर्च लावून बघा. बऱ्याच पॉवर ॲम्प आणि ॲक्टिव्ह स्पीकरना मागे गेनचा किंवा सेन्सिटिव्हिटीचा स्विच असतो. काही डॅकमध्ये आउटपुट लेव्हल बदलता येते, आरएमईच्या एडीआय-२ डॅकमध्ये रेफरन्स लेव्हल मेनूमधून निवडता येते, बेंचमार्कच्या डॅकमध्ये एक्सएलआर आउटपुटसाठी आत १० आणि २० डीबीचे जंपर (लेव्हल बदलायच्या छोट्या क्लिपा) असतात. असं काही असेल तर तेच वापरा आणि इथेच थांबा, बाहेरून लावलेल्या तुकड्यापेक्षा ते कधीही चांगलं. एक्सएलआरने जोडलं असेल आणि आवाज फार असेल तर एकदा आरसीएने जोडून बघा, तिथेच ६ डीबी कमी होतात.

सॉफ्टवेअरमधला व्हॉल्यूम कमी केला तर चालेल का असं लोक विचारतात. २४ बिटवर १०-१२ डीबी कमी केले तर ऐकताना काही बिघडत नाही, पण डॅकची स्वतःची सुरसुर कमी होत नाही, ती तेवढीच राहते आणि गाणं तेवढं खाली येतं. शिवाय कधीतरी अपडेट होऊन व्हॉल्यूम आपोआप १०० टक्के झाला की ॲम्पमध्ये धाडकन पूर्ण २ व्होल्ट. हे माझ्या घरी एकदा रात्री अकरा वाजता झालंय, शेजारच्यांचा कुत्रा अर्धा तास भुंकत होता, तेव्हापासून मी रेझिस्टरवरच विश्वास ठेवतो.

सुरसुर नक्की कुठून येते

काही जणांना नॉबचा त्रास नसतो, बॉक्समधून सारखा स्स्स येतो म्हणून त्यांना ॲटेन्युएटर हवा असतो. त्यांनी ही टेस्ट केल्याशिवाय पैसे घालू नयेत. गाणं बंद, नॉब शून्यावर, कान ट्वीटरजवळ (बॉक्समधला वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर). प्री आणि पॉवर वेगळे असतील तर पॉवर ॲम्प बंद करा, मगच त्याच्या इनपुटच्या वायरी काढा, तिथे शॉर्टिंग प्लग (मधली पिन आणि ग्राउंड आतच जोडलेला) लावा, परत चालू करून ऐका. सुरसुर तेवढीच राहिली तर ती पॉवर ॲम्पची स्वतःची आहे, तिला ॲटेन्युएटर काहीही करू शकत नाही. सुरसुर गेली तर ती प्रीमधून येत होती, आणि मग प्री आणि पॉवरच्या मधे १० डीबीचा तुकडा लावलात की ती सुरसुर १० डीबीने खाली जाईल. हॉर्नचे जास्त सेन्सिटिव्ह बॉक्स असणाऱ्यांना हा फरक पहिल्याच मिनिटात कळतो.

इंटिग्रेटेड ॲम्पच्या आत असा तुकडा सहसा घालता येत नाही, तिथे तो डॅक आणि ॲम्पच्या मधेच लागतो, त्याने नॉबचा प्रश्न सुटतो पण ॲम्पची सुरसुर तशीच.

किती डीबी? हे कानाने ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा लांबण लावतो.

आकड्यांची ओळख एवढीच ठेवा: ६ डीबी म्हणजे व्होल्टेज अर्धं, १० डीबी म्हणजे तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडं कमी, १२ डीबी म्हणजे पाव, २० डीबी म्हणजे दहावा हिस्सा. कानाला १० डीबी कमी म्हणजे साधारण अर्धा आवाज वाटतो.

आता हिशोबाचं उदाहरण घेऊ. ६० वॅटचा पॉवर ॲम्प, ८ ओहमचे बॉक्स, गेन २९ डीबी म्हणजे व्होल्टेज सुमारे २८ पट. ६० वॅटसाठी त्याला आउटपुटला २२ व्होल्ट लागतात, म्हणजे इनपुटला ०.७८ व्होल्ट आले की झालं. तुमचा डॅक २ व्होल्ट देतो, म्हणजे ८ डीबी वाया. एक्सएलआरवर ४ व्होल्ट असतील तर १४ डीबी वाया. इथे आरसीएवर १० डीबीचा तुकडा लावला तर दोनेक डीबीचा फुल आवाज गमावाल, आणि घरात पूर्ण ६० वॅट कोण वाजवतं? खोलीत आरामात ऐकताना सरासरी एखादा वॅटही लागत नाही.

पण मी म्हणतो हिशोबापेक्षा हे करा, यात एक रुपया जात नाही. ऑडॅसिटी (आवाज एडिट करायचं फुकट सॉफ्टवेअर) कॉम्प्युटरवर टाका, तुमच्या ओळखीची दोन रेकॉर्डिंग घ्या, एक आजचं जोरात मास्टर केलेलं सिनेमाचं गाणं आणि एक मैफलीचं हळू लेव्हलवर असलेलं, मी अभिषेकीबुवांची एक मैफल घेतो कारण त्यात आलापी अगदी खालून सुरू होते. ॲम्प्लिफाय इफेक्ट वापरून प्रत्येकाच्या चार कॉप्या बनवा: उणे ६, उणे १०, उणे १५, उणे २०. सगळ्या पेन ड्राइव्हवर घाला. आता नेहमीच्या खुर्चीत बसून सिनेमाचं गाणं वाजवा आणि कुठल्या कॉपीला नॉब दहाच्या पुढे जातो आणि दोन्ही बाजू सारख्या येतात ते बघा. मग त्याच डीबीची मैफलीची कॉपी लावा, पाऊस कौलांवर पडत असताना जेवढा आवाज लागतो तेवढा नॉब फिरवून मिळतोय का बघा. मिळत असेल तर तोच तुमचा आकडा. नॉब शेवटपर्यंत नेऊनही मिळत नसेल तर एक पायरी कमी घ्या.

आमच्याकडचा पाऊस ही खरी परीक्षा आहे हो. मी पहिल्यांदा २० डीबीचा तयार जोड मागवला होता, मे महिन्यात एकदम झकास वाटला, जूनमध्ये पत्र्यावर सरी सुरू झाल्या आणि जुन्या हळू रेकॉर्डिंगला आवाजच पुरेना. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की शंका असेल तर कमी डीबीचा घ्या. बहुतेक घरांत १० किंवा १२ बरोबर बसतो.

इंपिडन्स, म्हणजे बेस का जातो

इंपिडन्स म्हणजे सिग्नलला होणारा विरोध, ओहममध्ये मोजतात. नियम एकच: ॲटेन्युएटरचं इनपुट इंपिडन्स हे सोर्सच्या आउटपुट इंपिडन्सच्या निदान दहापट हवं. डॅकचं आउटपुट १०० ते ३०० ओहम असतं, तिथे एकूण १० किलोओहमचा ॲटेन्युएटर मस्त चालतो. व्हॉल्व्हचा प्री असेल तर मात्र सावध राहा, त्याचं आउटपुट इंपिडन्स जास्त असतंच, शिवाय बाहेर पडताना एक कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवून फक्त सिग्नल पुढे सोडणारा) असतो. समजा तो ०.४७ मायक्रोफॅरडचा आहे. पुढे ४७ किलोओहमचा लोड असेल तर बेस ७ हर्ट्झपर्यंत पोचतो, पण १० किलोओहमचा ॲटेन्युएटर लावला की ३४ हर्ट्झलाच ३ डीबी खाली. सगळ्यात खालचा बेस तिथेच जातो आणि माणूस म्हणतो ॲटेन्युएटरने आवाज पातळ केला. व्हॉल्व्हच्या प्रीसाठी एकूण ४७ किलोओहमच्या आसपासचा घ्या, उदाहरणार्थ ३३ किलो सीरिजला (म्हणजे सिग्नलच्या वाटेत) आणि १५ किलो ग्राउंडला, तो पुढच्या ४७ किलोच्या ॲम्पला जोडला की १२ डीबीच्या जवळ येतो.

तयार घ्यायचा की बनवायचा

तयार आरसीए वाले रॉथवेल आणि हॅरिसन लॅब्सचे प्रसिद्ध आहेत, इतर नावांनीही ऑनलाइन मिळतात. घेताना तीन गोष्टी बघा: किती डीबी, इंपिडन्स लिहिलंय का, आणि प्लग ॲम्पच्या सॉकेटवर घट्ट बसेल का. इंपिडन्स लिहिलेलं नसेल तर मल्टिमीटरने मोजता येतं, ते खाली सांगतो.

एक इशारा. केबल टीव्हीच्या दुकानात छोटे स्टीलचे स्क्रूवाले ॲटेन्युएटर मिळतात, त्यावरही १० डीबी, २० डीबी लिहिलेलं असतं. ते ७५ ओहमचे, अँटेनासाठीचे. आरसीएचा ॲडाप्टर लावून ते डॅकला जोडू नका, ७५ ओहमचा लोड डॅकला पेलत नाही, आवाज फाटतो. तसंच एक्सएलआरचे माइकसाठीचे तुकडे, शुअरचा ए१५एएस वगैरे, स्टेजवर उत्तम असतात पण ते लो इंपिडन्सच्या जगातले आहेत, घरच्या डॅकला किंवा व्हॉल्व्ह प्रीला लावायच्या आधी त्यांचं इनपुट इंपिडन्स तपासा.

स्वतः बनवणं मला जास्त आवडतं, कारण आपल्याला हवा तो आकडा मिळतो आणि रेझिस्टर दोन-चार रुपयांचा असतो. पणजी किंवा मडगावला इलेक्ट्रॉनिक्स पार्टच्या दुकानात मिळतात, नाहीतर ऑनलाइन. मेटल फिल्म, १ टक्का, पाव वॅट मागा, उष्णतेचा प्रश्नच नाही कारण यात मिलिवॅटसुद्धा जळत नाही.

१० डीबीसाठी ६.८ किलो सीरिजला आणि ३.३ किलो ग्राउंडला. ॲम्पचं इनपुट ४७ किलो धरलं तर बरोबर १० डीबी पडतात, २२ किलो असेल तर साडेदहा. ६ डीबीसाठी दोन्ही ४.७ किलो, १२ साठी ७.५ आणि २.७, २० साठी ९.१ आणि १. रंग बघून घ्या, दुकानदार घाईत चुकीचं पाकीट देतो: ६.८ किलोवर निळा, राखाडी, काळा, तपकिरी, तपकिरी आणि ३.३ किलोवर नारिंगी, नारिंगी, काळा, तपकिरी, तपकिरी. दहा-दहा घ्या, मीटरने मोजून दोन्ही चॅनलसाठी जवळजवळ सारख्या जोड्या काढा. न मोजता लावले तरी १ टक्क्याच्या रेझिस्टरने दोन बाजूंत जास्तीत जास्त पाव डीबीचा फरक पडेल, पण मोजायला पाच मिनिटं लागतात तर मोजाच.

मामांसाठी मी ते केबलच्या प्लगच्या आतच बसवलं. प्लगचं झाकण काढलं, केबलची मधली तार सोडवली, ती तार आणि प्लगची मधली पिन यांच्यामधे ६.८ किलोचा रेझिस्टर सोल्डर केला, मग त्याच पिनवरून ग्राउंडच्या पत्र्याकडे ३.३ किलोचा. रेझिस्टरचे पाय जेमतेम पाच-सहा मिलिमीटर ठेवले, उघड्या पायावर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवली, कारण झाकण आवळताना पाय पत्र्याला टेकला की तो चॅनल मुका. सोल्डर मारताना पिनभोवतीचं प्लास्टिक वितळतं, म्हणून प्लग एखाद्या जुन्या सॉकेटमध्ये खोचून मगच सोल्डरिंग आयर्न लावा.

झाल्यावर कुठेही न जोडता मीटरने तीन मापं घ्या. डॅककडची मधली पिन ते ॲम्पकडची मधली पिन ६.८ किलो, ॲम्पकडची पिन ते ग्राउंड ३.३, डॅककडची पिन ते ग्राउंड १०.१. तयार घेतलेला तुकडाही असाच मोजा, शेवटचं माप म्हणजेच त्याचं इनपुट इंपिडन्स. जोडल्यावर आवाज कमीच झाला नाही तर तुम्ही उलटा बनवलाय, ३.३ किलो डॅकच्या बाजूला गेलाय.

व्होल्टेज मोजून खात्री करायची असेल तर फुल लेव्हलचा १०० हर्ट्झचा टोन वाजवून एसी व्होल्टवर मोजा, पण बाजारातल्या त्या पिवळ्या स्वस्त मीटरवर एसीची सगळ्यात लहान रेंज २०० व्होल्ट असते, त्यावर २ व्होल्ट धड दिसत नाहीत, ऑटो रेंजचा मीटर कोणाकडून तरी मागून आणा.

एक्सएलआर असेल तर

बॅलन्स्डमध्ये, म्हणजे एक्सएलआरच्या जोडणीत, दर चॅनलला तीन रेझिस्टर लागतात, आणि १० डीबीसाठी गंमत म्हणजे तिन्ही ३.३ किलोच चालतात: एक पिन २ च्या वाटेत, एक पिन ३ च्या वाटेत, आणि तिसरा ॲम्पच्या बाजूला पिन २ आणि ३ च्या मधे. पिन १ ला हात लावायचा नाही. वाटेतले दोन रेझिस्टर मात्र अगदी जुळे निवडा, त्यांच्यात फरक राहिला तर बॅलन्स्डचा हम (विजेचा घूं आवाज) कापायचा गुणच कमी होतो.

लावायचा कुठे

नेहमी ॲम्पच्या बाजूला, डॅकच्या बाजूला नाही. एक तर केबलची कपॅसिटन्स मग डॅकचा दणकट आउटपुट सांभाळतो, आणि दुसरं म्हणजे केबलमध्ये वाटेत शिरलेला हम आणि गोंगाट सिग्नलबरोबर तोही खाली येतो. डॅकच्या बाजूला लावलात तर आधी सिग्नल बारीक होतो आणि मग त्यात हम मिसळतो, म्हणजे उलट नुकसान. हम जोरात असेल तर मूळ कारण अर्थिंगमध्ये शोधा, पण म्हणून विजेच्या प्लगची अर्थची पिन कोणीही तोडू नका, जीवाशी खेळ आहे.

रेकॉर्ड प्लेयरच्या कार्ट्रिज आणि फोनो स्टेजमध्ये हे कधीच लावायचं नाही, तिथे सिग्नल आधीच मिलिव्होल्टमध्ये असतो. बॉक्सच्या वायरींवरही नाही, आणि डिजिटल कोएक्सियलवर तर अजिबात नाही, तिथेही सॉकेट आरसीएचंच दिसतं म्हणून सांगतोय.

जोडताना पॉवर ॲम्प बंद. आरसीएची मधली पिन ग्राउंडच्या आधी टेकते, चालू ॲम्पमध्ये खोचलं की जो घर्रर्र येतो त्याने ट्वीटर जाऊ शकतो. नॉब शून्यावर आणून मग चालू करा आणि हळूहळू वाढवा, हाताला जुन्या जागेची सवय असते. केबलवर डीबीचा आकडा लिहून रंगीत टेप गुंडाळा, मामांच्या केबलवर मी लाल टेप लावून "१० डीबी, ॲम्पकडे" असं लिहिलंय, नाहीतर दोन वर्षांनी कोणीतरी तीच केबल दुसरीकडे लावेल आणि आवाज का येत नाही म्हणून दिवसभर शोधत बसेल.

आणि आपल्या हवेसाठी एक काम वाढतं. खारी दमट हवा, त्यात तुकडा लावला म्हणजे एक जास्तीचा जोड आला, म्हणून पावसाळा संपला की दसऱ्याच्या आसपास सगळे आरसीए काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून, कोरडे करून परत लावा. हिरवट डाग दिसला तर नुसतं पुसून भागत नाही, प्लग बदला. एकच बाजू मधेमधे कमी व्हायला लागली तर रेझिस्टरला दोष द्यायच्या आधी हा प्लग फिरवून बघा.